नेलपॉलिशची रेघ

आगरी हळदीत जेवण कमी पडलं तर माणसं सांभाळून घेतात, पण डीजेच्या मोठ्या स्पीकरांचा, म्हणजे बेसचा, दणका कमी पडला तर वर्षभर नावं ठेवतात. बरं, नको तितका वाढवला तर बेस जळतो, मग आणखीच पंचाईत. भावनाच्या घरचा धंदाच डीजेचा, त्यांनी ते भोगलं होतं. गेल्या वर्षी करंजाड्याच्या हळदीत ऐन नाचात दोन्ही बेसमधून धूर निघाला, आणि पिऊन आलेल्या पाहुण्यांनी मिक्सरवर बसलेल्या तिच्या नवऱ्याला, प्रितेशला, असं बडवलं की त्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही.

म्हणून आज सुकापूरच्या मांडवात मिक्सरवर भावना बसली होती.

मागे, पडद्याआड ॲम्प्लिफायरपाशी सासरे होते, बाळूबाबा. त्यांचा कान म्हणजे अख्ख्या पनवेल तालुक्यात नावाजलेला. कोणता बेस फुटतोय ते म्हणे रस्त्यावरून सांगायचे. बेस पोरानेच जाळले असं धरून करंजाड्यानंतर त्यांनी प्रितेशशी धड बोलणंच टाकलं होतं.

बेस मांडवाच्या दोन टोकांना ठेवायची रीत. भावनाने ते मधोमध एकमेकांना चिकटवले, कारण तसे ठेवले की तेवढ्याच ताकदीत नाचणाऱ्यांच्या छातीत जास्त दणका बसतो. शोभा गेली म्हणून लग्नघरचे कुरकुरले, तिने ऐकलं नाही. कानाला न कळणारा, पण बेसला फुकट राबवणारा अगदी खालचा आवाज तिने कापला. मग लिमिटर लावला, म्हणजे ठरल्या हद्दीपुढे काही जायला नको. पण लिमिटर मिक्सरकडे, ॲम्प्लिफायर त्याच्यानंतर; तिथलं बटण पुढे सरकलं तर तो असून नसल्यासारखा. म्हणून बटणापाशी तिने लाल नेलपॉलिशची रेघ मारली आणि बाबांना दोनदा बजावलं की याच्यापुढे जायचं नाही. त्यांनी मान डोलावली.

दिवेलागणीला नाच रंगला. नवरदेवाचा मामा, भगवान, डुलत आला आणि आवाज वाढव म्हणाला. करंजाड्याला काय झालं ते आमी पण ऐकून हाय, असंही वर हसत म्हणाला. 

तेवढ्यात बेस फडफडला. मिक्सरवर सगळं ठीक दिसत होतं.  ती धावत मागे गेली तर करपल्याचा वास, बटण रेघेच्या पुढे, आणि त्यावर अंगठ्याचा पिवळा डाग. आता हळदीच्या मांडवात पिवळा हात कोणाचा नाही? मामाचंच काम, असं ठरवून तिने बटण मागे घेतलं, कोणाला हात लावू देऊ नका म्हणून बाबांना सांगितलं. त्यांनी पुन्हा मान डोलावली.

दहा मिनिटांत बेस पुन्हा फडफडला. या वेळी ती कडेने गेली आणि पडद्यापाशीच थबकली. बटणावर हात बाबांचा होता.

तिने हाक मारली. दुसरी मारली, ओरडून. बाबा हातभर अंतरावर होते, वळले नाहीत. खांद्याला हात लावला तेव्हा दचकले.

"आवाजच नाय येत गं," ते म्हणाले. "बघ ना, कधीपासून कमी हाय."

भावनाला आता उमगलं. इतके दिवस त्यांनी नुसत्या माना डोलावल्या होत्या. तिने बटण रेघेवर आणलं आणि त्यांचा तळवा बेसवर टेकवला. बेस धडधडत होता. पलीकडे नाच तसाच जोरात चालला होता, कोणाला काही कमी वाटलं नव्हतं. बाबा आपल्या हाताकडे बघत राहिले. हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे करंजाड्याला पण मीच," ते म्हणाले. "आणि मार पोराने खाल्ला."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तिला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त त्यांच्यासाठी भीती वाटली. या माणसाकडे दुसरं होतं काय, त्या कानाशिवाय?

पुन्हा हळद लावायला नाच थांबला. बाबांनी तिला प्रितेशला फोन लावायला सांगितलं, फोन कानाशी धरला आणि बोलून टाकलं, की बटण मी फिरवलं होतं. प्रितेशचं उत्तर फोनबाहेर भावनाला ऐकू आलं.

"मला माहीत होतं, बाबा. तुम्ही घरी या."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "काय म्हनला?"

मांडव शांत होता. ओरडून सांगितलं असतं तर साऱ्या सुकापूरला कळलं असतं की बाळूबाबांना ऐकू येत नाही. भावनाने त्यांचा पिवळा हात धरला, घराकडे खूण केली आणि मान डोलावली.