आठ काढल्याशिवाय

ऑरिनला खोटं बोलता येत नाही, असं अख्ख्या गावाचं मत. मीही तेच धरून चालले होते. ऑरिन म्हणजे माझ्या नवऱ्याचा, आर्विडचा, धाकटा भाऊ. नोव्हेंबरात दोघं होडी घेऊन तळ्यात मस्की नावाचे मोठे शिकारी मासे धरायला गेले आणि परत आला एकटा ऑरिन. चिंब भिजलेला, ओठ निळे, दातावर दात आपटत. धक्क्यावरच्या लोकांना तो एवढंच म्हणाला, "केटल खाडीत. होडीतून वाकला आणि गेला. माझ्या हातात नाही आला."

शेरीफच्या माणसांनी केटल खाडी पिंजून काढली. पाणबुडे उतरले, यंत्रं फिरवली, हाती काही नाही. मग हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला आणि निम्मी माणसं रानात गेली. त्यांचा साहेब टोपी हातात घेऊन माझ्या स्वयंपाकघरात उभा राहिला. म्हणाला, "आता तळं गोठेल, मार्लिस. बर्फ वितळला की बघू." बर्फ वितळला की! जशी काही मी कुणाकडे छत्री विसरलेय आणि सवडीने घेऊन जाणार आहे.

मला आर्विड जमिनीत हवा होता. चर्चमागे खड्डा खणून ठेवला होता, माती गोठून दगड व्हायच्या आत. वर फळ्या टाकल्या होत्या. दुकानात जाता-येता त्या फळ्या दिसायच्या. वर हातभर बर्फ, खाली काळोखात बूट घातलेला माझा माणूस, आणि मी इकडे शेगडीपाशी सूप पीत बसायचं. कसा काढायचा हिवाळा, सांगा ना.

मस्की धरायचे खोटे मासे मीच बनवते. पाणी गार झालं की मस्की आळशी होते. उन्हाळ्यात झपाट्याने पळणाऱ्या आमिषामागे ती धावते, पण शरदाच्या शेवटी तिला घास मोठा हवा, आणि तोही आयता तोंडापुढे. म्हणून मी रबर ओतून हातभर लांब मासे करते, डोक्यात शिसं घालून. एक ओढ द्यायची आणि थांबायचं. मासा डोकं खाली करून बुडत जातो, आणि मस्की त्या थांबण्यातच धरते. घाई करणाऱ्याला नोव्हेंबरात सर्दीशिवाय काही मिळत नाही.

आणि आमिष होडीपाशी आलं तरी ते उचलायचं नाही. गळाच्या काठीचं टोक पाण्यात खुपसून इंग्रजी आठचा आकडा काढायचा, मोठा, सावकाश. कारण मस्की तळापासून गुपचूप मागे येते आणि आपल्याला पत्ताही नसतो. आर्विड तर आठ काढताना तिच्याशी बोलायचा. "आलीस का गं? ये, लाजू नकोस." मी कधी आठ न काढता आमिष उचललं की खेकसायचा, "एवढ्या लांबून आलेल्याला दारातूनच परत पाठवतेस?"

तो गेल्यापासून रोज दुपारी मी आमच्या घरामागच्या धक्क्यावरून गळ टाकायचे. मासा कुणाला हवा होता! घरात बसवत नव्हतं म्हणून. आणि रोज, आठ काढताना, खाली काहीतरी यायचं. लांब, फिकं. आमिषाच्या मागे मागे यायचं आणि थांबायचं. तोंड उघडायचं नाही, शेपूट हलवायचं नाही. माझी बोटं बधिर होईपर्यंत मी आठ काढत राहायचे, आणि ते तिथेच. मग हळूच खाली जायचं. मासाच असणार, दुसरं काय असणार? पण मासा रोज येऊन नुसता बघत बसत नाही. "काय हवंय तुला?" मी एकदा ओरडून विचारलं. मग माझ्याच आवाजाची भीती वाटून घरात आले आणि भर दिवसा कडी लावली.

ऑरिन होडीला हात लावायला तयार नव्हता, म्हणून ती धुवून कोठारात ठेवायला मीच घेतली. तळाशी आर्विडची काठी पडली होती. दोरीच्या टोकाला मी केलेला काळा मासा, नारिंगी पोटाचा, सगळ्यांत जड. मी तो उचलला आणि बघतच राहिले. तिन्ही गळ लख्ख, गवताची एक काडी अडकलेली नाही. पोटावर मात्र दगडाचे ओरखडे, ताजे.

अगं बाई, मी मनात म्हटलं. केटल खाडी म्हणजे पुरुषभर पाणी आणि त्यात तळापासून वरपर्यंत गवत. हा जड मासा तिथे क्षणभर थांबवला तरी गवताचा भारा घेऊन वर येतो. आर्विड तिथे हा मासा बांधेल? मरतानाही असला गाढवपणा तो करणार नाही.

मी ऑरिनकडे गेले. "होडी काढ. मासे धरायला जाऊ."

"आत्ता? डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलंच आहे. चल."

त्याने होडी पाण्यात ढकलली. काठाला बर्फाचा पापुद्रा धरला होता, होडीखाली तो कडकड मोडत गेला. केटल खाडीत पोचल्यावर मी आर्विडची काठी त्याच्या हातात दिली. "टाक."

त्याने टाकलं आणि रीळ असं गरगर फिरवायला लागला की आमिष पाण्यावरून उड्या मारत आलं.

"अरे मेल्या, जुलै आहे का?" मी म्हटलं. "कुणाच्या लग्नाची घाई आहे तुला? हळू ओढ. थांब जरा."

"हळू केलं तर गवतात जातं ना ते!"

बोलून गेला. रीळ थांबलं. मासा बुडाला, गवतात गेला. ऑरिन माझ्याकडे बघेना.

"मग त्या दिवशी कसा नाही गेला गवतात?" मी विचारलं. "कुठे होतात तुम्ही?"

 साठीचा माणूस, पोरासारखा खालचा ओठ चावत होता. शेवटी म्हणाला, "तळघरात."

तळघर! हे नाव मी लग्नाच्या वर्षापासून ऐकत होते. दोघा भावांची तळ्यातली गुप्त जागा. तिथून त्यांनी केवढ्या केवढ्या मस्की आणल्या, पण जागा कुणाला सांगितली नाही. कुणीही विचारलं, कुठे धरलीत रे, की दोघं एका सुरात म्हणायचे, केटल खाडीत. लोक हसायचे, मीही हसायचे. माणूस बुडाल्यावरही तेच उत्तर येईल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

"धक्क्यावर लोक जमले होते," ऑरिन म्हणाला. "सगळे ओरडत होते, कुठे, कुठे? आणि माझ्या तोंडून निघालं केटल खाडी. मी ठरवलं नव्हतं गं. जन्मभर तेच सांगत आलोय, तेच निघालं."

"आणि नंतर? पाणबुडे गवतात हात घालत होते तेव्हा? तेव्हा काय जीभ झडली होती?"

"भीती वाटली. म्हणतील, खोटं का बोललास? म्हणतील, ढकललंस का भावाला? एक दिवस गेला, दुसरा गेला, मग जास्तच अवघड झालं."

"मला तरी सांगायचंस! मला!"

"तुला त्यानेच कधी सांगितलं नव्हतं, मार्लिस."

मी हातातला मोजा काढून त्याच्या तोंडावर फेकला. दुसराही फेकला. राग त्याचा होता की आर्विडचा, देव जाणे. एका माशापायी बायकोपासून जागा लपवली, आणि आता स्वतःच त्या जागेत बसलाय. मी होडीतच रडले, मोठमोठ्याने, आणि मग म्हटलं, "ने मला."

त्याने होडी वळवली आणि तळ्याच्या मध्याकडे नेली. चर्चचा मनोरा आणि वीज पडून जळालेलं पाइनचं झाड एका रेषेत आलं तसं त्याने इंजिन बंद केलं. मी मागे वळून बघितलं तर समोर माझं घर. माझा धक्का. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी, आत पेटता राहिलेला दिवा. रोज भांडी घासताना मी याच पाण्याकडे बघत होते.

"उद्या सकाळी शेरीफला सांगतो," ऑरिन म्हणाला. "शपथ."

"उद्या?"

त्याने पाण्याकडे बघितलं. वारा पूर्ण पडला होता आणि पाणी तेलासारखं जड, गुळगुळीत झालं होतं. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता. उजाडेपर्यंत तळं गोठून मिटणार होतं.

मी गवत काढून गळ साफ केले आणि काळा मासा टाकला. बुडू दिला, दोरी सैल पडेपर्यंत. एक ओढ. थांबले. आमिष दगडाला घासलेलं काठीतून हाताला कळत होतं. पुन्हा टाकला, थोडा डावीकडे. पुन्हा टाकला. ऑरिन डोळे झाकून बसला होता. उजेड कमी होत चालला होता, पण मी वेग वाढवला नाही. ओढ, थांब. दगड. ओढ, थांब. दगड.

मग दगड नव्हता.

मऊ काहीतरी होतं, आणि जड. हिसका नाही, झटापट नाही. मी ओढलं की यायचं, मी थांबले की थांबायचं.

"मार्लिस, नको," ऑरिन म्हणाला. "मार्लिस, सोड दोरी."

"गप्प बस. आणि माझ्या बाजूला झुकू नकोस, होडी कलंडेल."

मी घाई केली नाही.  एक ओढ, मग थांबणं, त्याला हवं तसं, त्यानेच मला शिकवलं तसं. खालून हळूहळू ते वर आलं. लांब, फिकं. आर्विडचं ते जुनं खाकी जाकीट, कोपरावर मी ठिगळ लावलेलं. धक्क्यापाशी रोज येऊन थांबायचं तसंच ते होडीपासून हातभर खाली येऊन थांबलं.

ऑरिन हुंदके देत वाकला आणि त्याने हात पुढे केला. पण माझ्या हाताने आधी काठीचं टोक पाण्यात खुपसलं आणि आठ काढला, मोठा, सावकाश. खालून आर्विडही आमिषामागून वळला.

"आलास का रे?" मी म्हटलं. "ये. लाजू नकोस."