फेस पुसायचा पेपर

"मास्तर, हलू नका!" आमचे हे ओरडले, आणि मास्तर हललेच. हलणार नाहीत तर काय करतील बिचारे? तोंडभर फेस, गळ्याशी वस्तरा, आणि शेजारच्या खुर्चीमागे उभे राहून आमचे धाकटे भावजी फोन मोठ्यानं लावून सगळ्या दुकानाला ऐकवत होते की, याच वस्तीतल्या एका निवृत्त मास्तरानं विरोधकांची नावं मतदार यादीतून कापायला लावली. वर मास्तरांचा फोटो. मी मागच्या दारात धुतलेले टॉवेल घेऊन उभी, ती तशीच उभी राहिले.

दुकान पुढे, घर मागे. दोन खुर्च्या, आरशाकडे तोंड करून उजवी यांची, डावी भावजींची. आणि हे मास्तर कुणी परके नव्हेत. दोघा भावांना अक्षरओळख त्यांनीच करून दिली. सासऱ्यांनी दुकानाला एकच नियम घालून दिला होता: गळ्याशी वस्तरा असेपर्यंत वाद नाही. न गिऱ्हाइकानं घालायचा, न आपण. निवडणुका आल्या नि गेल्या, दुकानात भांडणं झाली, कपबशा आपटल्या, पण हा नियम कुणी मोडला नव्हता.

मास्तर उठले. अर्धी दाढी झालेली, अर्धी तशीच. गळ्यातल्या टॉवेलनं त्यांनी फेस पुसला, टॉवेलाची नीट घडी घातली आणि भावजींना म्हणाले, "अरे, मला आधी विचारायचंस तरी."

एवढंच बोलून ते गेले. त्यांच्यामागून बाकावरची दोन गिऱ्हाइकंही सटकली.

"लाज वाटते का?" हे भावजींवर कडाडले. "कुणीतरी काहीतरी बरळतं आणि तू ते गावभर करतोस? पेपरात आलंय का हे?"

"पेपर तुझा. तो तुझ्यासारख्यांचंच छापणार."

"छापलेल्याखाली नाव असतं, पत्ता असतो. चुकलं तर दारात जाऊन जाब विचारता येतो. तुझ्या फोनला आहे का पत्ता?"

"तू गेलायस कधी जाब विचारायला, दादा?"

उत्तर सुचलं नाही की पुरुषमाणसं आवाज चढवतात. "उचल तुझी खुर्ची आणि हो चालता!"

आणि भावजींनी खरंच उचलली की हो! पान्यानं बोल्ट सोडवले, हमाल बोलावला, आणि गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या गाळ्यात खुर्ची नेऊन ठेवली. जमिनीत बोल्टांची चार भोकं राहिली. केर काढताना माझा झाडू तिथं अडायचा आणि दर वेळी मला भडभडून यायचं. गिऱ्हाइकंही वाटली गेली. पेपरवाली इकडे, फोनवाली तिकडे. केस कापायला कधी मत लागतं का? पण लागायला लागलं खरं.

आता न्हाव्याची एक अडचण असते, ती लोकांच्या ध्यानात येत नाही. गावाची डोकी करणाऱ्याला स्वतःचं डोकं करता येत नाही. सुट्टीच्या दिवशी, दुकान धुऊन झालं की हे दोघे एकमेकांचे केस कापायचे. आधी भावजी यांचे, मग हे भावजींचे. परक्या हाताखाली दोघांनी कधी मान दिली नव्हती. त्यामुळे यांचे केस कानांवर आले, मग कॉलरीत शिरले. पहिल्यांदा मी हसले. "दुकान कात्र्यांचं आणि डोक्यावर रान!" म्हटलं. हे काही हसले नाहीत. आरशासमोर उभे राहून एका हातानं मानेमागचे केस चाचपत राहिले, तेव्हा माझंही हसू आटलं.

शेवटी मीच उठले आणि भावजींच्या गाळ्यावर गेले. तिथंही तेच रान, वर कानात वायरी.

"काढा ते लटांबर कानातलं," मी म्हटलं. त्यांनी एकच वायर काढली. "मतदारांची नवी यादी लागलीय. कापलेल्या नावांत मास्तरांचं स्वतःचंच नाव आहे. हे नाही आलं तुमच्या फोनवर?"

"तुम्हाला दादानं सांगितलं ना?"

"मी माझ्या डोळ्यांनी वाचून आले."

ते जरा वरमले, पण गप्प बसतील तर भावजी कसले! "वहिनी, त्या फोनवरचा माणूस रोज सकाळी म्हणतो, भावांनो, कसे आहात? तुमचं कुणी ऐकत नाही, मला माहीत आहे."

"अहो, तो लाखभर लोकांना एकदम म्हणतो ते!"

"म्हणू दे. दादा एकालाही म्हणत नाही. एवढी वर्षं पेपर यायचा. दादा आधी वाचणार, त्याला पटेल तेवढं मोठ्यानं वाचून दाखवणार, गिऱ्हाइकं माना डोलावणार. माझ्या हातात पेपर कधी आला, सांगा? दुसऱ्या दिवशी, तुकडे करून. वस्तऱ्याचा फेस पुसायला."

रोज मी डोळ्यांनी पाहत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं. घरी येऊन मी यांना शब्द न् शब्द सांगितला. हे जेवता जेवता थांबले. "मी काय मुद्दाम केलं?" एवढंच म्हणाले आणि पानावरून उठले.

पुढच्या सुट्टीला भावजी आले. मीच शपथ घालून आणले होते, "एकदा केस तेवढे कापा, मग करा महाभारत." त्या दिवशी सकाळपासून पेपर तसाच पडला होता. यांनी त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. वाचायला हात दोनदा पुढे गेला, दोनदा मागे आला. मी मागच्या दारात उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, देवा, एवढा आजचा दिवस पार पडू दे.

हे खुर्चीत बसले. भावजींनी चादर पांघरली, कात्री चालवली. हात तोच, सफाई तीच. केसांचे पुंजके खाली पडत होते आणि दोघं आरशातही एकमेकांकडे बघत नव्हते. भावजींच्या कानात वायरी होत्या. काढा म्हणायला माझी जीभ रेटेना. आले होते, हेच खूप होतं.

मानेमागे फेस लावून झाला. भावजींनी वस्तरा उघडला. तेवढ्यात यांनी चादरीखालून हात बाहेर काढला. हातात आजचा पेपर, कोरा करकरीत. खांद्यावरून मागे धरला आणि म्हणाले, "घे. आजपासून आधी तू वाच."

यांचा आवाज इतका हळू मी लग्न होऊन आल्यापासून ऐकला नव्हता.

कानातल्या वायरी तशाच ठेवून भावजींनी पेपर घेतला. सवयीनं घेतला. मधोमध फाडला, परत फाडला, हाताएवढे तुकडे केले आणि एक तुकडा यांच्या खांद्यावर ठेवला. मग वस्तऱ्याचा पहिला हात मारून त्यावर फेस पुसला.

मी तोंड उघडलं. यांनी आरशातून मला डोळ्यांनीच गप्प केलं. वस्तरा मानेवर होता. हे ताठ बसून राहिले, मान जराही हलवली नाही. भावजी मन लावून, यांच्या कानामागचा बारीक केसही न सोडता, एकेका तुकड्यावर फेस पुसत होते.