टँकर निघालाय

"टँकर निघालाय, पाचच मिनिटं," असं टँकरवाला सकाळपासून मला फोनवर सांगत होता. पुण्यात 'निघालोय' म्हणणाऱ्या माणसाची अजून आंघोळही झालेली नसते, हे काय मला माहीत नाही?

कात्रजच्या आमच्या डायलिसिस सेंटरची टाकी कोरडी पडली होती. पाण्यावाचून मशीन चालत नाही. समोर आमचे पेशंट हिंदुराव बसले होते. पाय सुजलेले, श्वास लागलेला. दिवसाला जेमतेम तीन पेले पाणी प्यायची मुभा असलेला माणूस टँकरभर पाण्याची वाट बघत होता! तीन हॉस्पिटलांना फोन केले, कुठेच मशीन रिकामं नव्हतं.

"नम्रताताई, आज मशीनचाही निर्जळी उपास का?" हिंदुरावांनी विचारलं. तेवढ्या बोलण्यानंही त्यांना धाप लागली.

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"मॅडम, वाटेत सोसायटीवाल्यांनी गाडी अडवली. सगळं पाणी उतरवून घेतलं."

"कुठली सोसायटी?" मी ओरडले.

त्यानं नाव सांगितलं. हिंदुरावांनी डोळे मिटून घेतले. सोसायटी त्यांचीच होती आणि तिचा चेअरमन त्यांचा मुलगा, विश्वजीत.

आज एकाची तरी खरडपट्टी काढायचीच, म्हणून मी हिंदुरावांच्याच मोबाइलवरून विश्वजीतला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आतच तो उत्साहानं म्हणाला,

"बाबा, झालं का डायलिसिस? या सावकाश. तुमच्या आंघोळीपुरतं पाणी मिळवलंय मी!"