लॅपटॉपचा अंगरखा

जावयाचा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. दिवसभर तो फोनवर गिऱ्हाइकांना सल्ले देई: बंद करून पुन्हा चालू करा, वायर नीट खोचली आहे का बघा, पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवू नका. निम्मी दुखणी तेवढ्यानेच पळत. सासूबाईंच्या लॅपटॉपपुढे मात्र त्याने हात टेकले होते.

सासूबाई शिवणकामात मुरलेल्या. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा दुकान सोडून त्यांनी घरबसल्या लॅपटॉपवर शिवणवर्ग काढला. नऊ जणी जमल्या. पहिला वर्ग कसाबसा पार पडला, पण पुढचे तिन्ही वर्ग वीस मिनिटांत आटोपले, कारण लॅपटॉप आपोआप बंद पडे. आज पुन्हा तसं झालं तर वर्ग कायमचा बंद, असं त्यांनी विद्यार्थिनींना कळवूनही टाकलं होतं. बाई शब्दाच्या पक्क्या.

जावयाने लॅपटॉप दोनदा आपल्या दुकानात मागवला, चार-चार तास चालवला, व्हिडिओ कॉल लावून ठेवला. पठ्ठ्या हूं की चूं करेना. घरी गेला की पुन्हा मान टाकी. फोनवर त्याने विचारलंही होतं, लॅपटॉपला हवा लागते ना. हवा भरपूर आहे, पंखा पाचवर आहे, असं उत्तर मिळालं. बायकोने तर तोंडावर सांगितलं की आईला आता तुझ्या हुशारीबद्दलच शंका येतेय. ते त्याला चांगलंच झोंबलं.

म्हणून आज वर्गाच्या अर्धा तास आधी तो स्वतःच जाऊन थडकला. कातरकामाच्या टेबलावर खडू, टेप आणि रिळांच्या गराड्यात लॅपटॉप बसला होता, आणि त्याच्या अंगात अंगरखा होता. कापूस भरलेला, कडेला गोट लावलेला, बटणांपुरती खिडकी आणि चार्जरसाठी काज असलेला. खालून मात्र सगळीकडून बंद. दुकानात हा कधी दिसला कसा नाही, असं त्याने विचारलं. नवा कपडा घालून कुणी गॅरेजात जातं का, असं सासूबाईंनीच उलट विचारलं. मळू नये म्हणून त्या दर वेळी तो उतरवून ठेवत.

दुखणं सापडलं, पण ते सांगणं जावयाला अवघड होतं. चाळीस वर्षांत या बाईंच्या शिवणात कुणी खोट काढली नव्हती, आणि ती काढायची पाळी नेमकी त्याच्यावर यावी! त्याने कॉल लावला, दहा मिनिटं वाट पाहिली आणि त्यांना अंगरख्याखाली हात घालायला सांगितलं.

"ताप आहे याला," सासूबाई चपापल्या.

"आई, कपडा फार छान बसलाय," जावई चाचरत म्हणाला. "पण हा खालच्या फटींतून श्वास घेतो. त्याच बंद झाल्यात."

सासूबाईंनी अंगरखा काढला, लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवला आणि ठरल्या वेळी वर्ग सुरू केला. जावई कोपऱ्यात घड्याळावर डोळे लावून बसला. एकोणीस. वीस. एकवीस. पंचविसाव्या मिनिटालाही सासूबाई बाहीचा गोल समजावतच होत्या. त्याला इतकं हलकं वाटलं की टाळ्या वाजवाव्यात.

चाळिसाव्या मिनिटाला त्यांनी अंगरखा कॅमेऱ्यासमोर धरला.

"हे मी शिवलं आणि चुकले," त्या म्हणाल्या. "माप घेतलं, पण ज्याला घालायचं त्याला गुदमरेल का, ते पाहिलं नाही. आमच्या जावईबापूंनी दाखवलं."

जावयाचे कान लाल झाले. बायकोला हे सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

समोर मात्र कुणी हसेना. नऊ चेहरे एकमेकींकडे बघायला लागले. शेवटी एक हळूच म्हणाली, "बाई, पहिल्या वर्गात तुम्ही आम्हाला हेच तर शिवायला लावलं होतं. आम्ही सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपना घातलंय, आणि आता तेही तापलेत."

सासूबाईंनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"जावईबापू, या, बसा," त्या म्हणाल्या. "नऊ पेशंट आहेत."