उद्घाटनाचा खर्च कोणी केला

लेक नगरसेविका झाली आणि धोंडिराम ओव्हाळ घाटकोपरात छाती काढून चालायला लागले. सगळी नोकरी बेस्टच्या बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेली. आता टपरीवालासुद्धा उठून ‘जय भीम, काका’ म्हणायचा. संघमित्राच्या जनसंपर्क कार्यालयाचं उद्घाटन झोकातच व्हायला हवं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. अशात देवेशशेठ बिल्डर आपणहून घरी आला.

“काका, मंडप, स्टेज, जेवण, सगळं माझ्याकडे. तुम्ही फक्त या.”

धोंडिराम हो म्हणून बसले.

उद्घाटनाच्या दिवशी संघमित्रा मंडपात शिरली आणि झुंबरं बघून थबकली.

“पप्पा, हे सगळं कोणी केलं?”

“देवेशशेठनं. आपलाच माणूस आहे.”

“आपल्या चाळी पाडून टॉवर बांधायचा प्रस्ताव त्याचाच आहे ना? त्यावर मला महापालिकेत बोलायचंय.”

धोंडिरामांना हे माहीत नव्हतं असं नाही. मिरवायच्या नादात त्यांनी ते मनात येऊ दिलं नव्हतं.

“काढून टाकायला सांगू?” त्यांनी ओशाळून विचारलं.

“लोक यायला लागलेत, राहू दे. बिल आपण भरू. पण खर्च कोणी केला आणि त्याचं आपल्याकडे काय काम आहे, ते मी माइकवरून सांगणार.”

“तुझं नाव खराब होईल गं.”

“लपवलं तर होईल.”

धोंडिरामांनी तिला स्टेजच्या पायरीशी अडवलं. मग म्हणाले, “तू नको. हो मी म्हटलं, तर मीच सांगतो.”

पुढच्या सोफ्यावर देवेशशेठ पाय पसरून बसला होता. धोंडिरामांनी माइक धरला आणि आवाज खणखणीत लागला. “पोरीचा थाट दाखवायची मला हौस आली. म्हणून या शेठचे पैसे मी घेतले. आपल्या चाळींचा प्रस्ताव यांचाच आहे. संघमित्राला यातलं काही माहीत नव्हतं. बिल मी भरणार आहे.”

मग शेजारच्या चाळीतली माधुरी उठली.

“शेठ आलेच आहेत तर विचारते. आम्हाला घर केवढं मिळणार?”

“आणि टॉवर होईपर्यंत भाडं कोण देणार?” मागून कोणीतरी ओरडलं.

देवेशशेठनं फोन कानाला लावून गाडीकडे नजर टाकली. तोवर संघमित्रानं स्टेजवर स्वतःशेजारी खुर्ची मांडली. “बसा ना शेठ. इथंच सगळ्यांसमोर बोला.”

एवढ्या लोकांतून उठून जाणार कसं? तो बसला. प्रश्न संपेनात. शेवटी सगळे नकाशे घेऊन वसाहतीत सभा लावायचं त्यानं माइकवरून कबूल केलं, तेव्हाच लोकांनी त्याला उठू दिलं.

जेवणाच्या रांगेत माधुरी म्हणाली, “काका, भारी बोललात.”

“मी कुठला बोलतोय,” धोंडिराम म्हणाले. “पोरीनं बोलायला लावलं.”

आणि हेच त्यांनी रांगेतल्या आणखी चौघांना, कोणी विचारलेलं नसताना, सांगितलं.