फौज चुकवायला केलेलं लग्न

माझा दुसरा नवरा माझ्यापेक्षा त्रेपन्न वर्षांनी लहान आहे. हसा, हसा! अख्खं गाव हसून मोकळं झालंय.

रशियाच्या बर्फात बादशहाची फौज गारठून मेली, तेव्हा तो आमच्या गावांतली उरलेली पोरं ओढून न्यायला लागला. लग्न झालेल्यांना तेवढं सोडत. मग काय, पोरांनी भराभर म्हाताऱ्या विधवा गाठल्या! ब्लेझ माझ्या दारात टोपी चुरगळत उभा राहिला.

"पेरीन आजी, माझ्याशी लग्न करशील? फक्त कागदावर गं."

"मेल्या, आधी मिशी तरी फुटू दे!" म्हटलं, आणि कचेरीत जाऊन सहीच्या जागी फुली मारून आले. अठरा वर्षं एकटी होते. कोणी काही मागायला आलं, याचंच मला अप्रूप.

त्याचा जीव क्लोदीनवर. बादशहा पडला की घटस्फोट घ्यायचा आणि तिच्याशी लग्न करायचं, हे ठरलेलं. बादशहा पडला, त्याला बेटावर धाडला. मीच म्हटलं, "चल, मोडून टाकू." तर ब्लेझ म्हणे, "थांब आजी, तो परत आला तर?" आणि आला की हो! पुढे दुसऱ्यांदा पडला, तरी तो पुन्हा येईल या धास्तीने ब्लेझ कागद सोडेना. इकडची कितीतरी पोरं तशीच धरून बसली होती. तेवढ्यात नव्या राजाने घटस्फोटच बंद केला.

आता मी मेल्याशिवाय त्याची सुटका नाही. क्लोदीनला सहावा महिना लागलाय. बायका तब्येत विचारतात, मी "बरी आहे" म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात.

गेल्या रविवारी तापाने आडवी झाले. ब्लेझ चेस्टनटचं सूप घेऊन आला. क्लोदीन दाराबाहेरच थांबली, पोटावर हात ठेवून.

"चल ना घरी, ब्लेझ," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"जा रे," मी म्हटलं. "दोन दिवस फिरकू नकोस. आपोआप सुटेल सगळं."

"गप्प बस. तोंड उघड."

"अरे, तुझ्या पोराला लोक काय काय म्हणतील!"

"तोंड उघड, आजी." त्याचे डोळे भरले होते, तरी चमचा माझ्या ओठांशी धरलेला.

तोंड मिटून पडून राहायचं, एवढंच तर होतं. तिघांचं भलं झालं असतं. पण ब्लेझशिवाय माझ्या दारात येतं कोण? मला फार लाज वाटली, तरी मी तोंड उघडलं.