काळुरामपेक्षा थोरली खुर्ची

कोपरच्या काळुरामला आयुष्यात आता मिळवायचं असं एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे मानाचा नारळ. बाकी सगळं देवीने भरभरून दिलं होतं. बापजाद्यांच्या मिठागरावर इमारती उभ्या राहिल्या, त्यात फ्लॅट मिळाले, पोरी चांगल्या घरी पडल्या. पण गावदेवीच्या जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान भावकीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्याचा. तिथे पैसा चालत नाही, ओळख चालत नाही. आपल्याआधीच्या सगळ्यांनी जायचं आणि आपण उरायचं, एवढाच मार्ग. काळुराम चिकाटीने उरला होता.

त्याच्या पुढे होता एकटा अण्णा. हा चुलतभाऊ नव्वदी ओलांडूनही हलायला तयार नव्हता. शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळला, तरी मान सोडला नाही. मानकऱ्याला चालवत नसेल तर त्याची खुर्ची देवळात न्यायची, नारळ आधी खुर्चीवर ठेवायचा आणि मग भगताने तो फोडायचा, अशी या भावकीची जुनी रीत. त्यामुळे अण्णा घरी खोकत पडायचा आणि त्याची सागवानी खुर्ची वाजतगाजत देवळात जायची. यंदा माघात अण्णा गेला. काळुराम मनापासून रडला, अगदी हमसून हमसून. तेराव्याचं जेवण उरकलं आणि दुसऱ्या दिवशी त्याने कल्याणला जाऊन फेटा आणला.

फेटा पेटीतच राहिला. जत्रा तोंडावर आली तेव्हा भावकीच्या बैठकीत अण्णाचा पुतण्या हितेश उभा राहिला. खुर्ची आता याच्या घरी होती. जागेच्या व्यवहारांत मुरलेला गडी, सरळ बोलणं त्याला ठाऊक नव्हतं. "काका, तुमचा मान आम्हाला मान्यच आहे," तो म्हणाला. "पण प्रश्न वयाचा आहे ना? मग खुर्ची तुमच्यापेक्षा मोठी आहे. आणि तिला नारळ घ्यायची सवय पण आहे."

वास्तविक इथेच काळुरामने हसून विषय उडवून लावायला हवा होता. पण गप्प बसला तर तो काळुराम कसला!

"खुर्ची मोठी? आरं, ती खुर्ची घरात आली तवा मी चड्डीत होतो! मना आठवतंय, सुतार डोक्यावर घेऊन आलेला!"

झालं. खुर्चीचं वय हा वादाचा मुद्दा असल्याचं त्याने आपल्याच तोंडाने कबूल केलं होतं. भावकीने बराच खल केला आणि ठरवलं की जाणकाराला बोलवावं, तो सांगेल ते मान्य. जो मोठा, त्याचा मान. घरी आल्यावर तुळसाने, म्हणजे त्याच्या बायकोने, कपाळावर हात मारला. "लाकराशी भांरायला गेला. देवा, याला कंदी अक्कल येल?"

जाणकार आला ठाण्याहून. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत ऋतुराजचं जुन्या फर्निचरचं दुकान होतं. चेहरा गंभीर, हातात बॅटरी, खिशात भिंग. खुर्ची देवळाच्या मंडपात ठेवलेली, भोवती सगळी भावकी. त्याने खुर्चीकडे वरून पाहिलंच नाही. सरळ ती उलटी केली आणि तिच्या पोटाखाली डोकं घातलं.

"वरून सगळ्याच खुर्च्या जुन्या दिसतात," तो आतून बोलला. "वय बघायचं ते खालून. हे बघा, करवतीच्या रेषा वाकड्यातिकड्या आहेत, म्हणजे हाताने कापलेलं. मशीनची रेघ एकसारखी असते. पाय गोल वाटतात, पण मोजले तर जरा चपटे. लाकूड वर्षानुवर्षं सुकतं, पण सगळीकडून सारखं आकसत नाही. स्क्रू पितळेचे, खाचा मधोमध नाहीत, हाताने पाडलेल्या. आणि पायांना खाली मीठ लागलंय. मिठागरावर होती का?"

"माझा आजा तिच्यावर बसून मीठ मोजून घ्यायचा," म्हाताऱ्यांच्या रांगेतून सखाराम म्हणाला. हा हितेशचा बाप, काळुरामपेक्षा वर्षभराने लहान.

"मग शंभरच्या वर सहज. सुताराने डोक्यावरून आणली असेल, पण ती दुरुस्त करून."

काळुरामच्या पायाखालची जमीन सरकली. पण तो कसलेला माणूस, बुडत्याला काडीचा आधार पुरतो. "पालिशचं काय?" तो ओरडला. "पालिश केली की वय जातं, आसं टीव्हीवर सांगतात!"

"बरोबर," ऋतुराज म्हणाला. "घासून नवीन पॉलिश चढवलं की जुनं अंग गेलं, मग तिला जुनी म्हणत नाहीत. मी तर लोकांना हात जोडून सांगतो, करू नका. मळ पुसा, जरा मेण लावा, बास."

हे ऐकून काळुरामच्या अंगात वीस वर्षांच्या पोराची ताकद आली. तो तडक शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि मूठभर पॉलिश पेपर घेऊन परत आला. खुर्चीच्या हातावर तो पेपर टेकवणार इतक्यात हितेशने मनगट धरलं. मंडपात एकच गोंधळ उडाला. कोणी म्हणे खुर्चीवर हात टाकला, कोणी म्हणे वडीलधारीवर हात टाकला. एका म्हातारीने तर खुर्चीवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

"थांबा," हितेश म्हणाला. त्याचे डोळे चमकले, आणि काळुरामला ते मुळीच आवडलं नाही. "नियम सगळ्यांना सारखा. पॉलिश केलं की वय जातं ना? मग काकांना पण तपासा."

ऋतुराज थोडा कचरला. पण भावकी हट्टाला पेटलेली आणि गाडीभाडं हितेशने दिलेलं. त्याने बॅटरी काळुरामवर टाकली.

"दात?"

"कवळी," तुळसाच बोलली. तिला खोटं बोलणं जमत नाही, हीच काळुरामची जन्मभराची तक्रार.

"गुडघे?"

"दोनी नवे. डोल्यांत भिंगं टाकल्यान."

"केस?"

एवढे काळेभोर केस त्या मंडपात नातवंडांचेही नव्हते. ऋतुराजने भिंग लावून मुळं पाहिली, कानामागे नखाने हलकेच खरवडलं, मग मागे सरून दुरून एकदा निरखलं. दुकानात करायचा तसंच सगळं. काळुराम हात खाली सोडून गुमान उभा होता. उलटा करून बघतो की काय, एवढीच त्याला धास्ती होती.

"काम उत्तम झालंय," ऋतुराज शेवटी म्हणाला. "पण बरेच भाग बदललेत, आणि वरून रंग आहे. सांगाडा जुना, हे मी मान्य करतो. पण खुर्चीसारखा अस्सल म्हणता नाही येणार. आणि तसंही खुर्ची मोठी आहे, काका. सॉरी."

भावकीने निकाल दिला. मान खुर्चीचा.

जत्रेच्या दिवशी आणखी एक लचांड निघालं. मानकऱ्याला देवळात न्यायचं काम त्याच्या पाठच्या भावाचं, आणि खुर्चीच्या पाठचा भाऊ हिशेबाने काळुरामच ठरला. ढोलताशाच्या मागून, खुर्ची डोक्यावर घेऊन, नव्या गुडघ्यांवर तो देवळाच्या पायऱ्या चढला. पोरं म्हणाली, आजोबा काय फिट आहेत! त्याला पोरांना एकेक ठेवून द्यावीशी वाटली. खुर्ची देवीसमोर ठेवली, हितेशने तिला काळुरामच्याच पेटीतून मागवलेला कोरा फेटा बांधला, नारळ तिच्यावर ठेवला आणि भगताने तो फोडला. लोकांनी रांगेने खुर्चीच्या पाया पडून घेतलं. काळुरामलाही पडावं लागलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी काढली, ते एका लाकडाला मिळालं होतं, आणि लाकडाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

तो देवळाच्या पायरीवर जाऊन बसला. मागून गर्दीत सखारामचा आवाज आला.

"हितेश, इकरं ये. कालूच्या मागं नंबर माझा होता ना?"

"हो बाबा. म्हणजे, होता."

"मंग आता मना कवा भेटल?"

"खुर्चीनंतर."

"आनी खुर्ची मरल कवा?"

इतक्या जागा फिरवलेला माणूस, पण हा व्यवहार हितेशने पुढपर्यंत पाहिलाच नव्हता. बापाच्या पाठोपाठ कधीतरी त्याचाही नंबर होता. मंडपातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनी मनातल्या मनात आपापल्या रांगा मोजल्या, आणि एकेकाचे चेहरे उतरत गेले. कोणी खुर्चीच्या पायाला नख लावून वाळवी आहे का पाहिलं. नव्हती. अस्सल सागवान.

सखाराम जोडे न घालताच बाहेर आला आणि काळुरामच्या शेजारी धपकन बसला.

"कालू," सखाराम म्हणाला, "तू शंभर वरसं जग रं बाला. दोनशे जग. आता माझं काय जात नाय."

काळुरामने त्याच्याकडे पाहिलं. सखाराम थट्टा करत नव्हता. या भावकीत म्हाताऱ्याने म्हाताऱ्याला इतक्या खऱ्या मनाने आशीर्वाद दिल्याचं काळुरामने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्याला रडू कोसळलं, आणि अण्णा गेला तेव्हापेक्षा ते थांबायला जास्त वेळ लागला.